एका फोनमध्ये सगळं घर

मुलीला दुसऱ्यांदा आकडी आली तेव्हा तिची आई माझ्या ताब्यात होती. मधे फक्त एक काचेचं दार होतं. आत पोरीचे पाय गादीवर आपटत होते, एक सिस्टर तिची मान धरून उभी होती. आई दाराकडं झेपावली. मी तिचं मनगट सोडलं नाही. ती ओरडली नाही, रडली नाही, खाली वाकून माझ्या हाताला कडकडून चावली. तरी मी सोडलं नाही. संशयित बाईला पेशंटजवळ जाऊ द्यायचं नाही, असा साहेबांचा हुकूम होता.

डॉक्टर बाहेर आले. ते तिच्याकडं न बघता माझ्याशी बोलले.

"बाई, औषधाचा डबा मिळाला का?"

"शोधतायत."

"नेहमीचं फवारणीचं औषध समजून आम्ही उपचार चालू केलेत. ते असतं तर एवढ्यात उतार पडला असता. पण इथं आकडी येतीय. हे दुसरंच काहीतरी आहे. नाव कळल्याशिवाय मी नुसत्या अंदाजानं सुया मारतोय. लेकरू लहान आहे, त्याला अंदाज सोसणार नाहीत."

एवढं बोलून ते आत गेले. आत तिघं होते: सासू, नवरा आणि दीड वर्षाची मुलगी. त्या घरातली आजारी न पडलेली एकटीच बाई माझ्यासमोर उभी होती, आणि आमच्या समजुतीप्रमाणं विष तिनंच घातलं होतं.

पोलीस खात्यात मी सातवीच्या दाखल्यावर लागले. तेव्हा महिला शिपाई म्हणून तेवढ्यावर घेत होते. हवालदार होऊन निवृत्त झाले. एवढ्या नोकरीत कितीतरी पंचनामे केले, त्यातले बहुतेक आता डोक्यातून गेले. ही केस गेली नाही. नावं मी देणार नाही. ती माणसं अजून त्याच गावात राहतात.

गाव शेंद्र्याच्या बाजूचं. लागोपाठ पाऊस हुकला होता ती वर्षं. विहिरींना तळ दिसत होता आणि जालना रोडला मात्र रोज नवी कंपाउंड भिंत उभी राहत होती. ज्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं चरली तिथं तारेचं कुंपण आणि आत कंपनी. हे कुटुंब मेंढरांवर जगणारं. म्हातारा सासरा अजून कळप राखत होता, पण मुलगा कंपनीत ठेकेदाराकडं लागलेला. रात्रपाळी करून सकाळी घरी यायचा. घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. मागं काट्यांचा मेंढवाडा.

सरकारी दवाखान्यातून ठाण्यात फोन आला तो सकाळचाच. विषबाधेचे पेशंट आले की दवाखान्यातून पोलिसांना कळवावंच लागतं. ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि उपनिरीक्षक साहेब निघाले. घरात बाई आहे म्हणून मला बरोबर घेतलं. साहेब वयानं माझ्या मुलाएवढे, पण काम नीट करणारे. आरडाओरडा नाही, उगीच हात उगारणं नाही.

घरी आम्ही पंच बोलावून पंचनामा केला. चुलीजवळ टोपल्यात उरलेल्या भाकरी झाकून ठेवलेल्या. तव्यावर झुणका. कोपऱ्यात पाण्याचे हंडे. पिठाचा डबा रिकामा, तळाला नुसती धूळ. सगळं सील करून मुद्देमालात घेतलं. पहिला संशय पाण्यावर होता, कारण त्या वर्षी टँकरच्या पाण्यानं गावंच्या गावं जुलाबानं आडवी होत होती. पण तेच पाणी सगळी वस्ती पीत होती आणि बाकी कुणाला काही झालं नव्हतं. म्हणजे दोष अन्नात. दोन्ही खोल्या, पेटी, फळ्या, अंथरुणं, मोरी, सगळं धुंडाळलं. विषाची बाटली नाही की पुडी नाही.

शेजारणींनी सांगितलं ते असं. म्हातारा पहाटेच कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात गेला. सकाळी सासूनं पीठ काढलं, सुनेनं भाकरी थापल्या. टँकर आला म्हणून सून हंडे घेऊन गेली. तेवढ्यात मुलगा पाळीवरून आला. सासू आणि तिचा हा लेक जेवायला बसले. सासूनं नातीला दुधात भाकर कुस्करून भरवली. सून हंडा घेऊन परत आली तेव्हा नवरा उंबऱ्यात पडलेला होता.

"ती का नाही जेवली?" साहेबांनी विचारलं.

एक म्हातारी शेजारीण म्हणाली, "आता गं बया! सून कवा जेवती? समद्यांचं झाल्यावर."

मला हे पटलं. आणखी एक गोष्ट माझ्या मनात होती, ती मी साहेबांना जीपमध्ये सांगितली. विष घालणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी काळजी असते ती उरलेल्या अन्नाची. तो ते जनावराला तरी घालतो नाहीतर उकिरड्यात पुरतो. इथं भाकरी टोपल्यात होत्या, वर स्वच्छ फडकं. साहेब म्हणाले, "घाबरली असेल, वेळ मिळाला नसेल." तेही खोटं नव्हतं. असंही होतं.

बंदोबस्ताला एक शिपाई घरी ठेवला आणि आम्ही दवाखान्यात आलो. तिथं खबर आमची वाट बघत बसली होती.

खबर देणारा म्हणजे त्या घराचा जावई. नणंदेचा नवरा. शहरात रिक्षा चालवायचा. नातेवाइकांना कळवायला म्हणून त्यानं सुनेकडून घरातला फोन घेतला होता. घरात तेवढा एकच मोठा फोन, मुलानं पगारातून घेतलेला. नंबर लावता लावता त्याचं बोट कुठंतरी भलतीकडं पडलं आणि फोनवर आधी काय काय शोधलंय ते समोर आलं. तो फोन नाचवतच आमच्याकडं आला.

"बघा साहेब, बघा! ही बया दिवसभर फोनमध्ये काय बघती म्हणून आम्ही इचारत व्हतो. हे बघत व्हती. माझ्या सासूला खाल्लं हिनं!"

"सासू जिवंत आहे अजून," मी म्हणाले. "आवाज हळू."

साहेबांनी फोन घेतला. मी पण वाचलं. मराठीत साफ लिहिलेलं होतं. वास न येणारं विष कोणतं. विष दिल्यावर किती वेळात मरण येतं. आणि तिसरं, मारल्यावर पोलीस केस होते का. तिन्ही चारपाच दिवसांपूर्वीची.

तोपर्यंत मलाही ती निर्दोष वाटत होती असं म्हणता येणार नाही, पण हे वाचल्यावर जो काही थोडा विचार डोक्यात होता तोही गेला. साहेब म्हणाले, "बाई, हिच्याजवळून हलायचं नाही." मी तिचं मनगट धरलं ते तिथून.

दवाखान्यातल्या पोलीस चौकीत चौकशी सुरू झाली. एक टेबल, दोन खुर्च्या, एक बाक. अटक दाखवली नव्हती, नुसतं ताब्यात घेतलं होतं. साहेब विचारणार, मी जबाब लिहिणार. माझं अक्षर बरं आहे. जावई दाराबाहेर उभा, कान आत.

"हे कुणी लिहिलं?" साहेबांनी फोन तिच्यासमोर धरला.

"मी."

"नक्की तूच?"

"आमच्या घरात दुसऱ्या कुनाला लिवता येत न्हाय. म्हातारी मानसं अडानी, त्यांना फोनवर बोलता तेवढं येतं, लिवता न्हाय. मीच लिवलं."

"वास न येणारं विष कशाला पाहिजे होतं?"

गप्प.

"कुणाला मारायचं होतं?"

गप्प.

"माझ्या लेकराजवळ जाऊ द्या," एवढंच ती म्हणाली. ते मात्र दर थोड्या वेळानं म्हणत होती.

खोटं बोलणारा माणूस गप्प बसत नाही, हा माझा अनुभव. तो गोष्ट सांगतो, त्यात नको तेवढे तपशील घालतो, देवाची शपथ घेतो. ही तसं काहीच करत नव्हती. पण गप्प बसणारा निर्दोष असतो असंही नाही. नवऱ्याला कुऱ्हाडीनं तोडून शांतपणे बसलेल्या बायका मी बघितल्या आहेत.

साहेबांनी ठरवलं की फोनमधलं सगळंच जबाबात घ्यायचं. कोर्टात वकील म्हणतो, तीन ओळी उचलल्या आणि बाकीचं लपवलं. म्हणून ते एकेक वाचत गेले आणि मी लिहीत गेले.

"गुडघ्यात पाणी झालं तर काय खाऊ नये," साहेबांनी वाचलं.

माझे स्वतःचे गुडघे त्या काळात फार दुखत होते. सकाळपासून उभी होते. मी वैतागून म्हणाले, "एवढ्या वयात तुला काय झालं गं गुडघ्याला?"

"माझं न्हाय. आत्याबाईंचं."

म्हणजे सासूचं. मी लिहायला लागले. पण साहेब पुढचं वाचेनात. ते फोनकडं बघत होते. मग त्यांनी वर बघितलं आणि आवाज बदलून विचारलं, "आणि हे? रिक्षाचा परवाना संपला तर दंड किती?"

"दाजींचं."

बाहेरून जावई म्हणाला, "ते मी आपलं एकदाच इचारलं व्हतं, साहेब!"

"तीनदा," ती म्हणाली. सकाळपासून तिच्या आवाजाला पहिल्यांदाच धार आली.

"नारळावरून जमिनीतलं पाणी कळतं का?"

"शेजारचे तात्या. त्यांना बोअर घ्यायचा व्हता."

"केस गळायचे थांबत नाहीत?"

"नणंदबाई."

"अगं, मला तर म्हणली डॉक्टरनं सांगितलं ते तेल!" जावई बाहेरून ओरडला.

"तुम्ही जरा लांब जाऊन उभे राहा," मी त्याला म्हणाले.

साहेब थांबेनात. शेंद्र्याच्या कंपनीत कायम भरती कधी? नवरा. मेंढीला जुलाब झाले तर काय पाजायचं? सासरा. विधवेला पगार मिळतो तो कागद कुठं द्यायचा? कोपऱ्यावरच्या मावशी. पोरीच्या जातीच्या दाखल्याला काय काय लागतं? समोरच्या घरातलं, नव्यानं राहायला आलेलं कुटुंब. सगळी वस्ती तिच्या उंबऱ्यावर यायची, बघ गं पोरी म्हणायची, आणि ती चुलीपुढं बसून एका हातानं लिहायची. दहावी झालेली होती. तेवढ्या घरांत फोनवर झरझर मराठी लिहिणारी ती एकटीच.

"मूल दीड वर्षाचं झालं तरी बोलत नाही," साहेबांनी वाचलं.



"हे माझं," ती म्हणाली.

एवढ्या मोठ्या यादीत तिचा स्वतःचा प्रश्न तेवढा एक होता. तो मात्र पुन्हा पुन्हा लिहिलेला होता.

मग साहेब परत त्या तीन ओळींवर आले. "आता हे सांग. हे कुणाचं?"

तिनं दाराकडं बघितलं. मी उठले, दार लावून घेतलं, कडी घातली आणि तिच्यासमोर बसले. तिथं मला गोड बोलायला सुचलं नाही. मला ते जमतही नाही.

"हे बघ. तुझी पोर आत मरायला टेकलीय. डॉक्टरला नाव पाहिजे. कुणाचं गुपित सांभाळत असशील तर सांभाळ, पण मग उद्या कुणासाठी सांभाळलंस ते सांगायला घरात माणूस शिल्लक राहणार नाही."

"मामांनी इचारायला लावलं," ती म्हणाली.

मामा म्हणजे सासरा. म्हातारा.

"कशापायी?"

"त्यांनी शपथ घातलीय. बोलू नको म्हणले. वनखात्याची मानसं धरून नेत्यात. तिकडच्या वाडीवरच्या एकाला नेलं."

"कशापायी गं?"

"लांडग्यापायी. लई कोकरं नेली त्यानं. आधी इकडं येत नव्हता, आता माळावर भिंती झाल्यात तवापासनं पार वाड्याला भिडतो. मामांनी दोन रात्री राखन केली, तरी नेलं. मग म्हणले, बघ तुझ्या फोनात, कोन्त्या औषधाला वास येत न्हाय. लांडग्याला वास लागला तर तोंड लावत न्हाय."

साहेब खुर्चीत मागं टेकले. "मग लिहिताना लांडगा असं का नाही लिहिलंस? एक शब्द लिहिला असतास तर आज इथं बसली नसतीस."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. खरंच नवल वाटल्यासारखं बघितलं.

"लांडगा कशाला लिवायचा साहेब? लांडगा तर ठावच व्हता आमाला. जे ठाव नव्हतं ते इचारलं."

मी ते वाक्य जबाबात जसंच्या तसं लिहिलं. साहेबांनी नंतर ते खोडलं नाही.

पण अजून अर्धीच गोष्ट हाताला लागली होती. लांडग्याचं विष भाकरीत कसं आलं? ती म्हणत होती की औषध मामांनी कुठंतरी बाहेर ठेवलं, पोरीच्या हाताला लागू नये म्हणून. घरात आणलंच नाही. रानातच गोळे करून टाकणार होते. कुठलं औषध, कुठून आणलं, तिला माहीत नव्हतं. म्हाताऱ्याजवळ फोन नव्हता. कळप घेऊन करमाडच्या अंगाला गेला की आणखी पुढं, कुणी सांगू शकत नव्हतं. साहेबांनी दोन शिपाई मोटरसायकलवर त्या बाजूला पाठवले, पण मेंढरामागं गेलेला माणूस सापडायला दिवसही जातो.

अशा वेळी मी एक करते. मधलं सगळं सोडून देते आणि माणसाला सकाळी उठल्यापासून सांगायला लावते. उठलीस कधी, चूल कुणी पेटवली, पाणी कुठलं, पीठ कुणी काढलं. माणूस मोठी गोष्ट लपवू शकतो. रोजच्या कामात तो अडखळतो, कारण तिथं त्यानं खोटं तयार करून ठेवलेलं नसतं.

"पीठ कुणी काढलं?"

"आत्याबाईंनी."

"कुठल्या डब्यातनं?"

ती गप्प झाली.

हे गप्प बसणं पहिल्यासारखं नव्हतं. मघाशी ती भ्यायली होती, भ्यालेला माणूस दाराकडं बघतो. आता ती स्वतःच्या पायाच्या बोटांकडं बघत होती. तिला लाज वाटत होती.

"तुमच्या घरातला डबा रिकामा होता. मी स्वतः बघितलाय," मी म्हणाले. "मग पीठ कुठलं?"

"गिरनीला लाईट नव्हती दोन दिस. दळन तसंच पडलेलं."

"मग?"

"शेजारी मागाया आत्याबाईंना कमीपना वाटतो. त्यांनी... बाहेरचं घेतलं. मला म्हणल्या, आजच्या दिस काय हुतंय, चाळून घेतलंय, कुनाला बोलू नको."

"बाहेरचं म्हणजे कुणाचं?"

"कुत्र्याचं."

शहरातल्या वाचकाला हे सांगावं लागेल. मेंढरं राखणाऱ्या घरात कळपाची कुत्री असतात आणि त्यांची भाकर वेगळी असते. झाडलोटीचं, फुटकं, किडकं धान्य भरडून ते पीठ वेगळ्या डब्यात ठेवतात, तेही घरात नाही, मेंढवाड्यात. त्याची परात वेगळी, भाकर करणारा कळपामागं जाणारा माणूस. घरातली बाई त्या डब्याला हात लावत नाही. माणसानं ते पीठ खाल्लं हे कळलं तर भावकीत मान खाली जाते. वस्तू लपवायला, घरातल्या कुणाचा हात लागणार नाही अशी त्या घरात एकच जागा होती, ती हीच.

'कुत्र्याचं' हा शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडला आणि तिनं मान वर केली. मी कितीतरी लोकांचे चेहरे चौकशीत बघितलेत. असा चेहरा एकदाच बघितला. सासऱ्यानं एक गोष्ट सांगितली होती आणि बोलू नको म्हटलं होतं. सासूनं दुसरी गोष्ट केली होती आणि बोलू नको म्हटलं होतं. दोन्ही तिच्याजवळ होत्या, पण वेगवेगळ्या ठेवलेल्या. त्या दोन गोष्टी आता तिच्या समोर एकत्र आल्या.

"मामांनी त्यातच कालवलं," ती म्हणाली. उठून उभी राहिली. "मी भाकरी थापल्या. माझ्या हातानं थापल्या."

साहेबांनी बंदोबस्ताच्या शिपायाला फोन लावला.

"मागं मेंढवाड्यात पत्र्याचा डबा आहे का रे?"

"आहे ना साहेब. त्याच्यावरच बसलोय. सावली आहे इथं."

"ऊठ. उठून हात न लावता आजूबाजूला बघ. कुडात, छपरात, दगडाखाली. बाटली, पुडी, काय असेल ते."

फोन चालूच होता. त्या माणसाचा श्वास ऐकू येत होता, काटक्या मोडल्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "साहेब, छपराच्या पाचटात डबडं खोचलंय. जुनं आहे. चिठ्ठी अर्धी फाटलीय, पण अक्षरं दिसतात."

"फोटो काढ. चिठ्ठीचा. जवळून."

फोटो आला. साहेब फोन घेऊन काचेच्या दाराकडं धावले. मी त्यांच्या मागं, आणि माझ्या मागं ती. मी तिचं मनगट कधी सोडलं ते मला आठवत नाही. कागदावर त्याची नोंद नाही.

डॉक्टरांनी स्क्रीन डोळ्याजवळ नेली. "हे कुठून आणलं? हे विकायचं कधीच बंद झालंय." मग ते आत वळून ओरडले, आधीचं औषध थांबवा, आणि आणखी काहीतरी इंग्रजीत. सिस्टर पळाल्या. दार लागलं. आम्ही तिघं बाहेर उभे राहिलो. जावईही येऊन उभा राहिला. थोड्या वेळानं बाहेर जाऊन चहाचा कप घेऊन आला आणि तिच्यापुढं धरला. तिनं घेतला नाही. तो कप हातात धरूनच उभा राहिला, चहा गार होईपर्यंत.

म्हातारा ऊन उतरायच्या आत सापडला. शिपायांनी त्याला काय झालं ते सांगितलं तेव्हा तो खालीच बसला. ठाण्यात आल्यावर त्यानं काही लपवलं नाही. कुणातरी कापूसवाल्या शेतकऱ्याच्या गोठ्यात पडलेलं जुनं डबडं त्यानं मागून आणलं होतं. ते कुत्र्याच्या पिठात कालवून ठेवलं होतं, त्याच संध्याकाळी गोळे करायचे होते. सकाळीच कुत्र्यांना आधीची भाकर घेऊन गेला होता. "त्या डब्याला आमच्यातली बाई हात लावंल असं सपनात बी आलं नसतं, साहेब," एवढं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ते खरं होतं. तरी माणूस मेला होता आणि गुन्हा त्याचा होता. निष्काळजीपणानं मृत्यूचं कलम लागलं, खटला चालला, वय बघून कोर्टानं शिक्षा कमी दिली. गोळे रानात पडलेच नाहीत, त्यामुळं लांडग्याला काही झालं नाही.

सुनेचं नाव आरोपीत कधी आलं नाही. ती साक्षीदार झाली. फिर्यादी पक्षानं तो फोन कोर्टात दाखल केला, आणि गुडघ्यापासून नारळापर्यंत सगळी यादी न्यायाधीशांसमोर वाचली गेली. सासूबद्दल तिनं कोर्टात एवढंच सांगितलं, "पीठ आत्याबाईंनी काढलं." कुठलं पीठ ते सरकारी वकिलानं विचारल्यावर सांगितलं, त्याआधी नाही.

त्यानंतर माझी नोकरी थोडीच उरली होती. पण तोपर्यंत घराघरात फोन आले होते आणि प्रत्येक केसमध्ये फोन मुद्देमाल म्हणून यायला लागला होता. नवीन पोरं फोन उघडून वाचायची आणि म्हणायची, बाई, झालं, आरोपी सापडला. मी त्यांना एकच सांगायचे. हे कुणी लिहिलं ते विचारू नका. हे कुणी विचारलं ते विचारा. घरात विचारणारा एक असतो, लिहिणारा दुसरा. आणि ज्याला जे माहीत आहे ते तो फोनला सांगत नाही. फोनमध्ये माणसाचं अडाणीपण तेवढं सापडतं. त्याचं मन तिथं नसतं.

माझ्या घरीही वेगळं नाही. मला वाचता येतं, पण फोनवर माझं बोट चालत नाही. मी सुनेला सांगते, ती बघून देते. पाण्यातला मुडदा किती दिवसांनी वर येतो, हेही मी तिला एकदा बघायला लावलं होतं. कुणी तिचा फोन उघडला तर त्याला तिच्याबद्दल काय वाटेल ते विचारायला नको.

निवृत्तीनंतर एकदा करमाडच्या बाजारात ती भेटली. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. तिनं माझा हात हातात घेऊन उलटा केला आणि दातांची खूण राहिलीय का ते बघितलं. खूण नव्हती.

"अजून लिहितेस का लोकांचं?" मी विचारलं.

"लिवते. न्हाय लिवलं तर कुठं जातील? पन आता आधी इचारते, कशाला पायजे. आन्‌ तेबी लिवते त्यात. लांडगा असंल तर लांडगा लिवते."

"लोक सांगतात?"

"कुनी सांगतंय, कुनी उठून जातंय."

तिच्या पदराला धरून एक मुलगी उभी होती आणि सारखी मधेमधे बोलत होती. हे घे, ते घे, ही कोन, हिच्या पायात बूट का न्हाय. आई तिला गप्प बस म्हणत नव्हती.

सासू दवाखान्यातच गेली. नवरा वाचला. मुलगी वाचली, आणि ती बोलते.